सीएमएसला सर्च इंडेक्स जोडताना मूळ आणि प्रत यांचा मेळ कसा राखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ४०,००० लेख आणि त्यांना जोडलेल्या काही हजार पीडीएफ फाइली असलेल्या सीएमएसला, म्हणजे मजकूर लिहून प्रकाशित करण्याच्या यंत्रणेला, इलास्टिकसर्च हे शोधाचे सॉफ्टवेअर जोडले आहे. लेख जतन होताच सीएमएसमधला हुक (ठरलेल्या क्षणी आपोआप चालणारा कोड) चालतो आणि संपूर्ण लेख इंडेक्सकडे (शोधासाठी बनवलेल्या सूचीकडे) पाठवतो. सुरुवातीचे काही महिने हे ठीक चालले; मग मागे घेतलेले लेख शोधात दिसू लागले, दुरुस्त केलेल्या काही लेखांचा जुनाच मजकूर सापडू लागला आणि विभागाचे नाव बदलल्यावरही निकालांत जुने नाव येत राहिले. मराठी शब्दांचा शोध नीट लागत नाही, ही आणखी एक तक्रार. हुकमध्ये कोणत्या तपासण्या वाढवाव्यात, असे तुम्ही विचारले आहे.

हुकमध्ये काहीही वाढवू नका, असे माझे मत आहे. उलट त्यातले जवळजवळ सगळे काम बाहेर काढा. पहिल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: इंडेक्सलाही डेटाबेसइतकाच मूळ दस्तऐवज समजून त्यात थेट लिहिले जात आहे. सर्च इंडेक्स ही मूळ मजकुरावरून काढलेली प्रत असते. प्रत चुकू शकते, मागे पडू शकते, हरवूही शकते, आणि यातले काहीही झाले तरी ती मुळावरून पुन्हा काढता येते, हेच तिचे बळ आहे. म्हणून अशा जोडणीची रचना तपासताना मी दोनच कसोट्या लावतो. आज संपूर्ण इंडेक्स पुसला गेला, तर वाचकांना फारसे न जाणवता तो पुन्हा उभा करता येईल का? आणि प्रत कुठे मुळाशी जुळत नाही, हे कोणी तक्रार करण्याआधी यंत्रणेला स्वतःहून कळेल का? तुमच्या आजच्या रचनेत दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे.

हुकमध्ये नेमके काय बिघडते ते जवळून पाहू. संपादक ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबतो. सीएमएस ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारा किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट) सुरू करते, लेखाची नोंद बदलते आणि हुक चालवते. हुक इंडेक्सला विनंती पाठवतो, इंडेक्स लेख स्वीकारतो, आणि त्यानंतर विभागांचे दुवे लिहिताना एखादी चूक निघून ट्रान्झॅक्शन रोलबॅक होते, म्हणजे रद्द होते. डेटाबेसच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते, पण इंडेक्समध्ये कधीच प्रकाशित न झालेला मजकूर जाऊन बसलेला असतो. याच्या उलट प्रकार अधिक वेळा घडतो: डेटाबेसमध्ये कमिट होते, म्हणजे बदल पक्का होतो, पण त्याच क्षणी इंडेक्सचा सर्व्हर रीस्टार्ट होत असतो किंवा विनंती नेटवर्कवर अडकते, आणि लेख मागे घेतल्याची बातमी इंडेक्सपर्यंत कधी पोहोचतच नाही. एकाच कृतीतून दोन वेगळ्या साठवणींमध्ये लिहायचे आणि दोहोंना बांधणारे ट्रान्झॅक्शन मात्र नाही, अशी ही स्थिती आहे. हुकमध्येच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले तर संपादकाचे पान तेवढा वेळ अडकून पडते, आणि ती प्रक्रियाच मध्ये बंद पडली तर उरलेले प्रयत्नही तिच्याबरोबर जातात.

यावर पुष्कळ जण हुकमधून एक पार्श्वभूमीतले काम रांगेत टाकतात आणि प्रश्न सुटला असे मानतात. तो अर्धाच सुटतो. काम रांगेत टाकले तेव्हा ट्रान्झॅक्शन कमिट झालेले नसेल आणि वर्कर (रांगेतली कामे करणारा प्रोग्रॅम) रिकामाच बसलेला असेल, तर तो काही मिलिसेकंदांत काम उचलतो, डेटाबेसमधून लेख वाचतो आणि त्याला जुनीच आवृत्ती मिळते. तीच तो इंडेक्समध्ये लिहितो. कुठेही त्रुटीची नोंद होत नाही, सगळे यशस्वी दिसते. वर्कर वाचनासाठी डेटाबेसच्या रेप्लिकाकडे (मुख्य डेटाबेसच्या नकलेकडे) जात असेल आणि रेप्लिका अर्धा सेकंद मागे असेल, तरी नेमके हेच होते. म्हणून इंडेक्सिंगच्या वर्करने वाचन मुख्य डेटाबेसवरूनच करावे. वर्डप्रेस या सीएमएसमध्ये याचेच निराळे रूप दिसते. ब्लॉक एडिटरमधून लेख जतन करताना ‘सेव्ह पोस्ट’ हा हुक चालतो तेव्हा वर्गवाऱ्या आणि मेटा फील्ड (लेखाची जादा माहिती) अजून लिहिलेली नसतात, त्यामुळे लेख इंडेक्समध्ये जुन्या वर्गवारीसह जातो. हे टाळण्यासाठीच २०२० च्या अखेरीस आलेल्या ५.६ या आवृत्तीत सगळे लिहून झाल्यावर चालणारा स्वतंत्र हुक देण्यात आला. तुमच्या सीएमएसमध्ये असा ‘सर्व काही झाल्यानंतरचा’ हुक कोणता, हे कागदपत्रांत शोधून ठेवा. पण केवळ त्यावर विसंबू नका.

ज्यावर विसंबता येते ती पद्धत अशी. त्याच डेटाबेसमध्ये एक साधे टेबल ठेवावे, ज्याला आउटबॉक्स म्हणतात. लेखाची नोंद ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये बदलते, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये या टेबलात एक ओळ लिहावी: कोणत्या प्रकारचा मजकूर, त्याचा आयडी काय, आणि नोंद केव्हा झाली. कमिट झाले तर दोन्ही नोंदी टिकतात, रोलबॅक झाले तर दोन्ही जातात. वेगळा वर्कर हे टेबल वाचतो आणि इंडेक्सशी बोलतो. इंडेक्स तासभर बंद राहिला तरी आउटबॉक्समध्ये ओळी साचत राहतात, संपादकांचे काम थांबत नाही, आणि इंडेक्स परत आल्यावर साठलेले काम निपटते.

या टेबलात लेखाचा मजकूर कधीही ठेवू नये, आणि ‘वाढवा’, ‘बदला’, ‘काढा’ असे आदेशही ठेवू नयेत. ‘या आयडीच्या बाबतीत काहीतरी बदलले आहे’ एवढेच सांगावे. काम करण्याच्या क्षणी वर्करने लेखाची सद्यःस्थिती वाचावी. लेख प्रकाशित असेल तर संपूर्ण डॉक्युमेंट (इंडेक्समधली त्या लेखाची नोंद) नव्याने तयार करून लिहावे, मसुदा असेल, मागे घेतला असेल किंवा अस्तित्वातच नसेल तर इंडेक्समधून काढावे. या एका शिस्तीमुळे कितीतरी प्रश्न उद्भवतच नाहीत. तेच काम दोनदा झाले तरी निकाल तोच राहतो. एकाच लेखाच्या पाच नोंदी साचल्या असतील तर त्यांच्यासाठी एकदाच काम केले तरी चालते. आणि काढून टाकणे हा वेगळा, विसरला जाणारा मार्ग उरत नाही. तुमच्या पहिल्या तक्रारीचे मूळ बहुधा याच विसरलेल्या मार्गात आहे, कारण बहुतेक सीएमएसमध्ये लेख ‘मागे घेणे’ आणि ‘पुसणे’ यांचे हुक वेगवेगळे असतात आणि जोडणी लिहिणाऱ्याने त्यातला एकच पाहिलेला असतो.

आउटबॉक्स वाचताना एक खाच आहे, आणि ती अनुभवी लोकांनाही चकवते. वर्कर ‘मी ५०२ क्रमांकापर्यंतच्या ओळी पाहिल्या’ असे लक्षात ठेवून पुढे जात असेल, तर काही नोंदी कायमच्या निसटतात. ५०१ हा क्रमांक मिळालेले ट्रान्झॅक्शन लांबलेले असू शकते आणि ५०२ त्याच्या आधी कमिट होऊ शकते. वर्कर ५०२ पाहून पुढे सरकतो. दोन सेकंदांनी ५०१ प्रकट होते, पण मागे वळून पाहणारा कोणी नसतो. म्हणून ‘शेवटचा क्रमांक’ लक्षात न ठेवता प्रत्येक ओळीवर काम झाल्याची खूण करावी किंवा काम झाल्यावर ती ओळ पुसावी. पुसताना वाचलेलीच ओळ पुसावी, त्या आयडीच्या सगळ्या ओळी नव्हेत. आपण लेख वाचल्यानंतर आणखी एक बदल येऊन पडला असेल, तर त्याची ओळ शिल्लक राहिलीच पाहिजे.

दोन वर्कर एकाच वेळी चालत असतील तर क्रमाचाही प्रश्न येतो: पहिल्याने जुनी आवृत्ती वाचली आणि तो रेंगाळला, दुसऱ्याने नवी आवृत्ती वाचून लिहिली, मग पहिल्याने जुनी वर लिहिली. यासाठी लेखाच्या नोंदीत प्रत्येक बदलागणिक एकने वाढणारा आवृत्ती क्रमांक ठेवावा आणि इंडेक्सला लिहिताना तो ‘एक्स्टर्नल व्हर्जन’ म्हणून द्यावा. इलास्टिकसर्च मग आधीच्या क्रमांकापेक्षा मोठा क्रमांक असेल तरच लेखन स्वीकारते, अन्यथा ४०९ हा प्रतिसाद देते. तो प्रतिसाद चूक म्हणून पुन्हा रांगेत टाकू नका. ‘याहून नवे आधीच पोहोचले आहे’ एवढाच त्याचा अर्थ आहे. आवृत्ती क्रमांकाऐवजी घड्याळाची वेळ वापरण्याचा मोह होतो, पण दोन सर्व्हरांची घड्याळे थोडी जरी पुढेमागे असली तरी खरा नवा बदल नाकारला जातो. आणखी एक: काढून टाकलेल्या डॉक्युमेंटचा आवृत्ती क्रमांक इलास्टिकसर्च मुळात (सेटिंग न बदलल्यास) ६० सेकंदच लक्षात ठेवते. त्यानंतर उशिरा आलेले जुने लेखन पुसलेला लेख पुन्हा जिवंत करू शकते. वर्कर दर वेळी सद्यःस्थिती वाचत असेल तर ही शक्यता फारच कमी होते, पण शून्य होत नाही, आणि उरलेल्या शक्यतेसाठीच पुढे सांगितलेली रात्रीची पडताळणी हवी.

या पडताळणीवर माझा सर्वांत जास्त भर आहे. काही वर्षांपूर्वी मी पाहत असलेल्या एका संकेतस्थळावरून एका व्यक्तीविषयीचा लेख तिच्या विनंतीवरून मागे घेण्यात आला. पान गेले, मुख्यपृष्ठावरची कडी गेली, पण इंडेक्समधून काढण्याची विनंती त्या रात्री अपयशी ठरली होती आणि ते कोणालाच कळले नव्हते. शोधात त्या व्यक्तीचे नाव घातले की लेखातल्या दोन ओळींचा उतारा कित्येक दिवस दिसत राहिला. कडीवर टिचकी मारली की ‘पान सापडले नाही’ असे येत होते, त्यामुळे आतल्या कोणाला ते गंभीर वाटले नाही. ज्या दोन ओळींसाठी लेख मागे घ्यायला लावला होता, त्याच दोन ओळी मात्र सर्वांसमोर होत्या. तेव्हापासून पडताळणीशिवाय मी कोणतीही जोडणी चालू करत नाही.

पडताळणी करणे अवघड नाही. डेटाबेसमधून प्रकाशित लेखांचे आयडी आणि आवृत्ती क्रमांक आयडीच्या क्रमाने काढावेत, इंडेक्समधूनही तेच त्याच क्रमाने काढावेत, आणि दोन याद्या शेजारी ठेवून पुढे सरकत जावे. ४०,००० जोड्या ही अगदी लहान यादी आहे. फरक तीनच प्रकारचे निघतात: मुळात आहे पण प्रतीत नाही, प्रतीत आहे पण मुळात नाही, दोन्हीकडे आहे पण आवृत्ती वेगळी. फरक सापडला की पडताळणीच्या प्रोग्रॅमने स्वतः इंडेक्स दुरुस्त करू नये. तो आयडी आउटबॉक्समध्ये टाकावा, म्हणजे दुरुस्तीचा मार्ग एकच राहतो. पडताळणी चालू असतानाच बदललेले काही लेख यात नाहक सापडतात, पण त्यांना पुन्हा रांगेत टाकल्याने काही बिघडत नाही. प्रत्येक रात्रीच्या फरकांची संख्या मात्र नोंदवून ठेवा. ती रोज शून्याच्या आसपास असली पाहिजे. एके दिवशी ती अचानक वाढली, तर कोणीतरी सीएमएसला वगळून थेट डेटाबेसमध्ये बदल केला आहे किंवा वर्करमध्ये दोष शिरला आहे, असे समजावे.

आता डॉक्युमेंटच्या रचनेकडे येतो, कारण विभागाच्या नावाची तक्रार तिथली आहे. डेटाबेसमधले टेबल जसेच्या तसे इंडेक्समध्ये उतरवू नये. वाचकाला निकालांच्या यादीत जी एक वस्तू दिसते, ती म्हणजे एक डॉक्युमेंट, आणि त्या वस्तूला शोधण्यासाठी, गाळण्यासाठी व दाखवण्यासाठी लागणारे सगळे त्यात असावे: शीर्षक, सारांश, मुख्य मजकूर, लेखक, विभागाचे नाव आणि विभागाचा आयडीही, भाषा, प्रकाशनाचा काळ, पाहण्याचा अधिकार असलेले गट. विभागाचे नाव असे प्रत्येक लेखात उतरवल्यामुळे शोध वेगवान होतो, पण नाव बदलले की त्या विभागातल्या सगळ्या लेखांची प्रत शिळी होते. म्हणून विभाग बदलल्याची नोंद आउटबॉक्समध्ये आली की वर्करने त्या विभागातल्या लेखांचे आयडी पुन्हा आउटबॉक्समध्ये घालावेत. या वेळी लेखाची स्वतःची आवृत्ती वाढलेली नसते, त्यामुळे तोच क्रमांक घेऊन गेलेले लेखन इंडेक्स नाकारेल. विभाग बदलताना त्यातल्या लेखांचे आवृत्ती क्रमांकही वाढवणे हा मला सर्वांत स्वच्छ उपाय वाटतो. लेखकाचे नाव, सामायिक मजकुराचे ब्लॉक, जोडलेल्या फाइली या सगळ्यांना हाच नियम लागू होतो. एखादा लेख कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून आहे याची यादी कागदावर काढा. ती अपेक्षेपेक्षा लांब निघते.

मुख्य मजकूर घेताना तयार झालेले संपूर्ण पान घेऊ नका. पानावरचा मेनू, तळाची पट्टी, ‘हेही वाचा’ची चौकट हे सगळे इंडेक्समध्ये गेले, तर मेनूतला प्रत्येक शब्द प्रत्येक लेखात सापडतो आणि निकालांची क्रमवारी बिघडते. फील्डमधला मजकूर घेऊन एचटीएमएलचे टॅग काढावेत, आणि परिच्छेदाचा टॅग काढताना त्या जागी मोकळी जागा सोडावी, नाहीतर एका परिच्छेदाचा शेवटचा शब्द पुढच्याच्या पहिल्या शब्दाला चिकटून दोन्ही शब्द शोधातून नाहीसे होतात.

प्रकाशनाच्या वेळेचे एक सूक्ष्म प्रकरण आहे. ‘उद्या सकाळी ९ ला प्रकाशित’ किंवा ‘महिनाअखेरीस मागे घ्या’ असे ठरवलेले लेख असतील, तर ती वेळ उलटताना अनेक यंत्रणांमध्ये कोणतीही नोंद बदलत नाही. पान दाखवताना तारीख तपासली जाते एवढेच. जिथे बदलच नाही तिथे आउटबॉक्समध्ये ओळ येणार कशी? म्हणून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी दोन तारखांची फील्डे डॉक्युमेंटमध्ये ठेवावीत आणि प्रत्येक शोधात आत्ताच्या वेळेचा फिल्टर लावावा. ही फील्डे वापरायची ठरली, तर वर्कर आणि पडताळणी यांनी मंजूर पण भविष्यकालीन लेखही ‘प्रकाशित’ या व्याख्येत धरले पाहिजेत.

अधिकारांचा फिल्टरही शोधाच्या आतच असला पाहिजे. आधी २० निकाल मागवायचे आणि मग त्यातले परवानगी नसलेले वगळायचे, असे केले की पहिल्या पानावर १३, दुसऱ्यावर ४ निकाल येतात आणि वर ‘एकूण ३१२’ असे लिहिलेले असते. ती एकूण संख्या, विभागवार आकडे आणि टंकताना येणाऱ्या सूचना यांतूनही गुप्त मजकुराचे अस्तित्व फुटते. सार्वजनिक आणि अंतर्गत मजकूर यांच्यात मोठा फरक असेल तर मी सरळ दोन वेगळे इंडेक्स ठेवतो. आणि ब्राउझरला इंडेक्सशी थेट बोलू देऊ नये. मध्ये तुमचा सर्व्हर हवा, आणि फिल्टर त्यानेच घालावेत.

मॅपिंग, म्हणजे कोणते फील्ड कोणत्या प्रकारचे याची व्याख्या, स्वतः लिहा आणि ‘डायनॅमिक’ची सोय ‘स्ट्रिक्ट’वर ठेवा, म्हणजे न ठरवलेले फील्ड आपोआप तयार होणार नाही. आपोआप मॅपिंगमध्ये पहिल्याच लेखाच्या एखाद्या मुक्त फील्डमध्ये ‘२०१९-१०-१२’ असे इंग्रजी अंकांत लिहिलेले असले, तर ते फील्ड तारखेचे ठरते, आणि पुढच्या लेखात तिथे ‘दिनांक उपलब्ध नाही’ असे असले की संपूर्ण डॉक्युमेंट नाकारले जाते. संपादकांना हवी तितकी फील्डे निर्माण करू देणाऱ्या सीएमएसमध्ये इलास्टिकसर्चची मुळातली १,००० फील्डांची मर्यादाही गाठली जाते.

मॅपिंग किंवा ॲनालायझर (मजकूर शब्दांत तोडून त्यांना शोधायोग्य रूप देणारा भाग) बदलायचा असेल तर चालू इंडेक्सवर बदलता येत नाही, नवा बांधावा लागतो, आणि इथे पहिली कसोटी लागते. इंडेक्सचे खरे नाव आवृत्तीसह ठेवावे, जसे ‘लेख-७’, आणि शोध करणाऱ्या कोडने ‘लेख’ या एलियसलाच, म्हणजे टोपणनावालाच, विचारावे. नवा बांधायचा तर ‘लेख-८’ तयार करायचा, त्या क्षणापासून वर्करने प्रत्येक बदल दोन्हींमध्ये लिहायचा, आणि शेजारी दुसऱ्या प्रोग्रॅमने सर्व जुने लेख ‘लेख-८’मध्ये भरायचे. आवृत्ती क्रमांक असल्यामुळे मागून आलेला जुना मजकूर नव्यावर लिहिला जात नाही. भरताना रिफ्रेश (नवे लेखन शोधात दिसू लागण्याची पायरी) बंद ठेवावा आणि रेप्लिका (इंडेक्सच्या जादा नकला) शून्यावर आणाव्यात, भरून झाल्यावर दोन्ही पूर्ववत करावे. बराच वेळ वाचतो. मग पडताळणी नव्या इंडेक्सवर चालवायची, ठरावीक शोध दोन्हींवर करून पाहायचे, आणि एलियस एकाच विनंतीत जुन्यावरून नव्यावर वळवायचा. जुना इंडेक्स काही दिवस ठेवावा आणि वर्करने त्यातही लिहीत राहावे, म्हणजे परत फिरण्याची वाट खुली राहते.

भरण्यासाठी बल्क पद्धत (एका विनंतीत अनेक लेख पाठवणे) वापराल तेव्हा एक गोष्ट न चुकता करा. बल्क विनंतीचा प्रतिसाद २००, म्हणजे ‘यशस्वी’, आला म्हणजे सगळे लेख लिहिले गेले असे नाही. प्रतिसादाच्या आत ‘एरर्स’ नावाची खूण असते आणि प्रत्येक लेखाचा स्वतंत्र निकाल असतो. ५०० पैकी ३ नाकारले गेले तरी वरचा प्रतिसाद २०० च असतो. फक्त वरचा आकडा पाहणारे कोड मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की ‘काही लेख शोधात येतच नाहीत’ असे कोणी सांगितले, तर मी सर्वप्रथम तिथेच पाहतो. ४२९ आला तर इंडेक्सवर ताण आहे. थोडे थांबून, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत पुन्हा प्रयत्न करावा. मॅपिंगच्या चुकीमुळे नाकारलेला लेख मात्र कितीही वेळा पाठवला तरी नाकारलाच जाणार, म्हणून त्याची वेगळी नोंद करून माणसाला कळवावे, नाहीतर तो रांगेत फिरत राहतो.

जतन केल्यावर लगेच शोधात दिसत नाही, अशीही संपादकांची एक तक्रार असते; ती याहून वेगळी आहे. लिहिलेले डॉक्युमेंट पुढच्या रिफ्रेशनंतरच शोधात दिसते, आणि तो मुळात दर सेकंदाला होतो. प्रत्येक लेखनानंतर रिफ्रेश करायला लावू नका. त्यामुळे असंख्य लहान सेगमेंट (इंडेक्सचे तुकडे) तयार होऊन इंडेक्स मंदावतो. सीएमएसमधली संपादकांची स्वतःची यादी मात्र इंडेक्सवरून काढू नये. ती डेटाबेसवरूनच यावी.

मराठीच्या शोधाला वेगळे लक्ष द्यावे लागते. पहिली पायरी अक्षरांच्या एकसारखेपणाची. ‘ॲप’ हा शब्द दोन प्रकारे टंकला जातो: एकात ‘ॲ’ हे एकच अक्षर असते, जे युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले, आणि दुसऱ्यात ‘अ’, मग अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, इंडेक्सला ते दोन वेगळे शब्द असतात, आणि एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी ते एक होत नाहीत. मग सरसकट अदृश्य चिन्हे काढून टाकावीत असे वाटते, आणि तिथे ‘दऱ्या’ आडव्या येतात. ‘दऱ्या’ काही कीबोर्डांवर ‘ऱ’ वापरून लिहिला जातो, तर काहींवर ‘र’, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि ‘या’ असा. दुसऱ्या प्रकारातले जोडचिन्ह काढले की डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राच्या ‘दर्या’त रूपांतरित होतात. म्हणून आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिकडीचे ‘ऱ, हलन्त’ असे रूपांतर करावे, ‘अ, जोडचिन्ह, चंद्र’ याचे ‘ॲ’ करावे, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. हे काम ‘मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर’ने, म्हणजे अक्षरे बदलणाऱ्या सोयीने, शब्द तोडण्याच्या आधी करायचे, आणि इंडेक्स करताना व शोधताना अगदी सारखेच करायचे.

दुसरी पायरी शब्दरूपांची. ल्युसीन या इलास्टिकसर्चच्या पायाशी असलेल्या शोधाच्या लायब्ररीतला हिंदीचा ॲनालायझर तयार मिळतो म्हणून तो मराठीला लावला जातो, पण त्यातले प्रमाणीकरण हलन्त काढून टाकते आणि दीर्घ स्वर ऱ्हस्व करते. मराठीत त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ एकच होतात. आपल्याला हवे असते ते वेगळेच: ‘शाळा’ शोधल्यावर ‘शाळेत’, ‘शाळांमध्ये’, ‘शाळेतील’ सापडावे. सामान्यरूप हा इथला खरा अडथळा आहे. ‘पाणी’चे ‘पाण्यात’, ‘देऊळ’चे ‘देवळात’, ‘फूल’चे ‘फुलांचे’ होते, आणि नुसता प्रत्यय छाटून मूळ शब्द हाती येत नाही. मला उपयोगी पडलेली रचना अशी आहे: प्रत्येक मजकुराची दोन फील्डे. एकात शब्द जसाच्या तसा, वरचे अक्षर-प्रमाणीकरण तेवढे केलेला. दुसऱ्यात लांब प्रत्ययांपासून सुरू करून प्रत्यय छाटलेला, शेवटचा स्वर सैल केलेला, आणि आपल्या संकेतस्थळावर वारंवार येणाऱ्या अनियमित शब्दांसाठी हाताने केलेल्या कोशातून मूळ रूपाकडे नेलेला. शोध दोन्हींवर चालवावा आणि जसेच्या तसे जुळल्यास अधिक गुण द्यावेत. सैल फील्डमुळे लेख सापडतो, काटेकोर फील्डमुळे योग्य लेख वर येतो. कोश आधी मोठा करू नका. शून्य निकाल आलेले शोध रोज नोंदवा आणि त्या यादीतून तो वाढवा.

पीडीएफमधला मजकूर काढण्यासाठी ॲपॅची टिका चांगले आहे, पण ते सीएमएसच्या प्रक्रियेत चालवू नये. एखादी विचित्र फाइल सगळी मेमरी खाऊन टाकते. वेगळ्या प्रक्रियेत, वेळेची मर्यादा घालून चालवावे, आणि निघालेला मजकूर फाइलच्या हॅशसह (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेसह) डेटाबेसमध्ये साठवावा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधताना हजारो फाइली पुन्हा उलगडाव्या लागत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी पीडीएफमधून रोमन अक्षरांचा निरर्थक खच बाहेर पडतो. निघालेल्या मजकुरात देवनागरी अक्षरांचे प्रमाण तपासा. मराठी म्हणून नोंदलेल्या फाइलीत ते नगण्य असेल तर तो मजकूर इंडेक्समध्ये घालू नका, फक्त शीर्षक आणि वर्णन घाला. स्कॅन केलेल्या फाइलींसाठी टेसेरॅक्ट हे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर मराठी वाचू शकते, पण ते काम स्वतंत्र, संथ रांगेत ठेवावे.

क्रमवारीविषयी मी थोडेच लिहितो. ल्युसीनमध्ये २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून बीएम२५ हे निकालांना गुण देणारे सूत्र मुळातच लागू असते, आणि त्याचे १.२ व ०.७५ हे दोन स्थिरांक बदलून सहसा फारसे हाती लागत नाही. शीर्षकाला अधिक वजन, काटेकोर फील्डला अधिक वजन, आणि बातमीसारख्या मजकुरात ताजेपणाला थोडे वजन, एवढ्यावर बहुतेक संकेतस्थळांचे काम भागते. खऱ्या वाचकांचे ५० शोध आणि प्रत्येकासाठी वर यायलाच हवा असा लेख, अशी यादी करून ठेवा आणि कोणताही बदल करण्याआधी व केल्यावर ती चालवा. सोलर किंवा ओपनसर्च या शोधाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळल्याने तुमच्या तक्रारी सुटतील का, अशी शंका मनात असेल तर उत्तर नाही असे आहे; इलास्टिकसर्चसह तिन्ही ल्युसीनवरच उभी आहेत आणि तुमचा दोष जोडणीत आहे.

तुमच्या जागी मी पडताळणीपासून सुरुवात करीन, कारण ती आजच्या हुकला हात न लावता लिहिता येते आणि आज प्रत्यक्षात किती लेख जुळत नाहीत हे पहिल्याच रात्री कळते. लेखांच्या नोंदीत आज आवृत्ती क्रमांक नसेल, तर शेवटच्या बदलाची वेळ ताडून सुरुवात करता येईल. क्रमांकाचा स्तंभ नंतर वाढवा. मग आउटबॉक्स आणि वर्कर उभे करून हुकमधले थेट लेखन काढा, आणि मराठीचा नवा ॲनालायझर एलियसच्या पद्धतीने ‘लेख-८’मध्ये आणा. डेटाबेसवर चालणारा तुमचा जुना शोध अजून कोडमध्ये असेल, तर तो काढू नका: इंडेक्सकडून दोन सेकंदांत उत्तर आले नाही, तर केवळ शीर्षकांत शोधून तेवढे निकाल दाखवा, आणि सध्या शोध मर्यादित आहे असे त्या पानावर स्पष्ट लिहा.